दुसरं तरट

गेल्या महिन्यात न्हाणीघरात पाय घसरून मी पडलो आणि उजवं मनगट मोडून घेतलं. पडताना हातातला तांब्या मी शेवटपर्यंत सोडला नाही. डॉक्टर तरुण आहे, चांगला आहे. त्यानं फोटो काढला, प्लास्टर घातलं, गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्या वयाबद्दल दोन शब्द सुनावले. साखर आहे का, रक्तदाब आहे का, घरी कोण असतं, सगळं विचारलं. फक्त 'पडलात कसे ते दाखवा' असं तो म्हणाला नाही. आपण त्या प्रश्नाची वाट बघत बसलो होतो, हे रिक्षातून घरी येताना माझ्या लक्षात आलं आणि मग येडशीचे अप्पा दिवसभर डोक्यातून गेले नाहीत.

येडशीच्या शाळेवर मास्तर म्हणून मी गेलो तेव्हा निजामाचा अंमल होता आणि तिकडे विलायतेत मोठी लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. मी मूळचा ईट गावचा. उर्दू चांगलं होतं म्हणून नोकरी लागली, बाकी अंगात जोर म्हणून नव्हता. डोळ्यांवर जाड भिंगं, आणि छाती अशी की सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर दोन खोल्या मिळाल्या. शेजारी कापसाचं एक जुनं गोदाम होतं. पहिल्याच दिवशी तांबडं फुटताना त्या गोदामातून धप्प, धप्प असा आवाज यायला लागला.

"कोण तरी धुणं बडवतंय जणू," बायको म्हणाली.

गोदामात कोण धुणं बडवील, म्हणून मी दाराच्या फटीतून पाहिलं. आत पन्नाशीला टेकलेला एक बुटका, रुंद माणूस उभा होता आणि आपण होऊन पडत होता. मागे पडायचा, कुशीवर पडायचा, पुढे कोलांटून पडायचा. पडताना तळहात जमिनीवर आपटायचा, त्याचा तो आवाज. पडला की उठायचा, उठला की पुन्हा पडायचा. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की शेजारी एक वेडा राहतो, तेव्हा दार लावून घेत जा.

ते बसलिंग अप्पा. गाव त्यांना जपानी अप्पा म्हणायचं. जळकोटच्या लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातले, म्हणून बोलण्यात अधूनमधून कानडी यायचं. कुणी काही सांगितलं की "हौदु, हौदु" म्हणून मान हलवायचे. विशीत घरातून भांडून निघाले ते मुंबईला, आणि मुंबईहून थेट जपानात, कोबे नावाच्या बंदरात. मुंबईच्या कापूसवाल्यांची तिथं पेढी होती आणि त्यांना मांसमच्छीला हात न लावणारा स्वयंपाकी हवा होता. अप्पांनी तिथं सत्तावीस वर्षं पोळ्या लाटल्या. लढाईचे ढग दिसायला लागले तशी पेढी उठली आणि अप्पा एक ट्रंक घेऊन परत आले. धाराशिवच्या भावानं येडशीचं हे पडीक गोदाम राहायला दिलं. एवढीच त्यांची हकिगत, तीही मला तुकड्यातुकड्यानं कळली.

जुजुत्सू, म्हणजे जपान्यांची कुस्तीसारखी विद्या, त्यांना पेढीच्या मागच्या गल्लीत भेटलं. पहिल्याच हिवाळ्यात पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन ते बर्फावरून घसरले आणि गळ्याचं हाड मोडून घेतलं. ज्या दारासमोर पडले ते एका म्हाताऱ्या हाडवैद्याचं दार होतं. म्हाताऱ्यानं हाड बसवलं आणि खुणांनी विचारलं, पोतं का सोडलं नाहीस? 

"मला काय सांगावं ते कळंना," अप्पा सांगायचे. "पोतं पेढीचं, सोडू कसं? तर तो म्हणला, पडताना हातातलं धरून ठिवतो तो मोडतो. मूठ उघडी ठिवायची. एवढं समजायला मला तीन वर्सं लागली."

हा म्हातारा हाडवैद्य होता तसाच जुजुत्सूचा वस्ताद. अप्पा त्याचं नाव कधी घेत नसत. "आमचा म्हातारा" म्हणायचे, आणि म्हणताना आवाज खाली यायचा. त्याच्याकडे ते अठरा वर्षं शिकले. गळ्यातलं लिंग शिकताना आड येई, तर ते फडक्यात गुंडाळून दंडाला घट्ट बांधायचे. हा कोण देव, म्हणून म्हाताऱ्यानं विचारलं आणि उत्तर ऐकून त्या दंडाला वाकून नमस्कार केला, हे सांगताना अप्पांचे डोळे भरायचे.

गावात अप्पांची किंमत होती ती हाडं बसवण्यापुरती. आसपासच्या दहा गावांतून गाड्या यायच्या. झाडावरून पडलेला, बैलानं ढकललेला, विहिरीत पाय घसरलेला, अशा माणसाला ओसरीवर टेकवलं की अप्पा म्हणायचे, "पडलास कसा ते दाव."

"अप्पा, आधी हाड बसवा की! जीव चाललाय माजा."

"हाड कुठं पळतंय? तू पडला कसा ते इसरशील."

मग तो बिचारा कण्हत कण्हत हातवारे करायचा आणि अप्पा दागिना पारखावा तसं ते पडणं निरखायचे. कधी कधी खूश होऊन म्हणायचे, "बरा पडलास. थोडा अजून वळला असतास तर कायबी झालं नसतं." लोकांना याचा राग यायचा, पण हाड असं बसायचं की पुन्हा कुरकुर नाही. अप्पांना दुखण्यात रस नव्हता, पडण्यात होता.

त्यांचा एक वेगळाच जीवघेणा प्रश्न होता. त्यांची विद्या दोघांची होती. एक टाकणारा, एक पडणारा, आणि दोघं मिळून एकच काम. एकट्यानं ती निम्मीच करता येते. कडब्याचा भुसा भरून शिवलेली तीस-बत्तीस पोती त्यांनी गोदामात दाटून अंथरली होती आणि त्यावर दोन तरटं, समोरासमोर. एका तरटावर ते गुडघे मोडून बसायचे आणि समोरच्या रिकाम्या तरटाला वाकून नमस्कार करायचे. मग उठून समोर कुणी नसलेल्याची गचांडी धरायचे, वळायचे, त्याला पाठीवर घ्यायचे आणि टाकायचे. नंतर स्वतः पडायचे. टाकण्याची बाजू ते थोडी करत, पडण्याची पुष्कळ. कच्चं राहिलेलं घोटत असतील, असं मला वाटायचं.

ट्रंकेत त्यांच्याकडे एक कागदाची गुंडाळी होती, रेशमी दोऱ्यानं बांधलेली. त्यावर वरून खाली नावं होती: म्हाताऱ्याच्या वस्तादाच्या वस्तादापासूनची. सर्वांत शेवटी अप्पांचं. 

"तिकडं ल म्हणता येत न्हाय. मला बासारिंगु म्हणायचे," ते हसून म्हणाले. मग त्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हितं फुडचं नाव."

वीतभर जागा होती. अप्पांना पुढचा माणूस हवा होता. एकच. तो मिळाला नाही तर सात-आठ पिढ्यांचं ते सगळं येडशीच्या गोदामात संपणार होतं आणि त्यांनाही ते पक्कं ठाऊक होतं.

माणूस मिळावा म्हणून त्यांनी पहिल्यांदा तालमीचं दार ठोठावलं. दस्तगीर वस्ताद तालीम चालवायचे. दांडगे, पण मनानं फार मऊ. नागपंचमीच्या दिवशी कुस्त्या व्हायच्या आधी त्यांनी अप्पांना मानानं हौद्यात बोलावलं आणि लोकांना सांगितलं की अप्पा परदेशातली कुस्ती दाखवणार आहेत. सगळी येडशी लोटली होती. अप्पांनी लिंग दंडाला बांधलं, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि सगळ्यांच्या देखत ताडकन पाठीवर पडले.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग हसण्याचा असा काही स्फोट झाला की बैल बुजले. 

"अप्पा, जोड लागायच्या आधीच चीत?" कुणीतरी ओरडलं.

अप्पा उठले आणि कुशीवर पडले. उठले आणि कोलांटून पडले. त्यांना वाटत होतं, लोक बघतायत. आमच्याकडे पाठ मातीला लागली की माणूस हरला, हे सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. पाठ लागू नये म्हणून पैलवान मान मोडून घेतील, मानेवर पूल करून अर्धा तास थरथरतील. आणि हा माणूस आपण होऊन, हौसेनं, दहा वेळा हरून दाखवत होता. दस्तगीर वस्तादांनीच पुढे होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"अप्पा, हमारे में पीठ लगी तो खेल खलास."

"आमच्यात तिथनं सुरू व्हतो, वस्ताद," अप्पा म्हणाले. 

वस्ताद नंतर मला म्हणाले, "मास्तर, ये आदमी झूटा नै. पन इसका माल यां नै बिकता."

तरी सात जण आले. स्टेशनावरचे दोन हमाल, गाडीचे रूळ बदलणारा सोपान सांधेवाला, इस्माईल सुतार आणि तालमीत न टिकलेली तीन पोरं. अप्पांनी पहिल्या दिवशी सांगितलं की वर्षभर फक्त पडायचं. 

"आन मग फुडं?" सोपाननं विचारलं.

"आधी पडा. मग दिसंल."

पुढचं आधी सांगायचं नाही, हा त्यांचा नियम होता. म्हाताऱ्यानं त्यांना सांगितलं नव्हतं, म्हणून हेही सांगत नसत. लोकांनी आपला अंदाज बांधला: आधी आपण पडायला शिकायचं, मग अप्पा आपल्याला टाकणार आणि त्यांचा सराव होणार. हमाल म्हणाले, मग आपल्याला काय मिळणार? ते दुसऱ्या आठवड्यात गेले. सोपान डब्याच्या पायरीवरून पडला, शिकवल्यासारखा गोल झाला आणि धूळ झटकून उभा राहिला. एवढा पडून लागलं कसं नाही, म्हणजे नक्की प्यायलेला असणार, असं स्टेशनमास्तरांनी ठरवलं आणि त्याच्या नोकरीवर आलं. सोपान यायचा थांबला. पोरांच्या आया भांडायला आल्या. "आमी पोराला उभं ऱ्हायला शिकवावं आन ह्येनी पडायला!" त्याही बरोबरच होत्या.

इस्माईल तेवढा टिकला. पाच महिने रोज यायचा. त्याचं पडणं इतकं सुरेख झालं की अप्पा माझ्या खोलीत येऊन मला सांगायचे, "मास्तर, आज त्याचा आवाज ऐकला का? एकच आवाज आला, दोन न्हाय." त्या पाच महिन्यांत अप्पा शीळ घालायचे. मग इस्माईलला मुलगी सांगून आली. पाहुणे ढोकीहून आले आणि त्यांनी गावात चौकशी केली. पोरगा कसा आहे? चांगला आहे, कारागीर आहे, रोज सकाळी पडतो. रोज पडतो म्हटल्यावर पाहुणे घाबरले. मुलाला मिरगी येते, असा त्यांनी अर्थ घेतला. सोयरीक मोडायला आली. इस्माईल रडत अप्पांकडे आला.

"लगीन मोठं," अप्पा म्हणाले. "जा. पडू नगं आता कुनाच्या देखत."

त्यांनी त्याला दारापर्यंत सोडलं आणि त्याचं तरट झटकून पुन्हा जागेवर अंथरलं. शीळ मात्र मी परत ऐकली नाही.

राहिली गावातली लहान पोरं. त्यांना अप्पांचे आकडे फार आवडायचे. अप्पा पडताना मोजायचे, इची, नी, सान, शी, गो. पोरं लपंडावात तेच म्हणायला लागली. राज्य आलेलं पोर चावडीच्या भिंतीला डोळे लावून इची, नी, सान करायचं. जपान लढाईत उतरून सरकारचा दुश्मन झाला आणि नेमके त्या आठवड्यात पोलिसांचे अमीनसाहेब गस्तीवर आले. हे जपानी अप्पांचे आकडे, असं पोरांनी सांगताच, चावडीपाशी दुश्मनाची भाषा म्हणून ते घोड्यावरून उतरले.

दोन जवान घेऊन ते गोदामात शिरले, मला दुभाष्या म्हणून ओढत नेलं. ट्रंक उपडी केली. जाड सुती अंगरखा, विटलेला काळा पट्टा, एक लाकडी वाटी आणि ती गुंडाळी.

"ये क्या है? नक्शा?"

"नावं हैत साब."

"किसके नाम?"

अप्पांनी थोडा विचार केला. "गिरनेवाले लोगां हैं, साब."

अमीनसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मलाही त्याचा अर्थ कळला नव्हता, आणि विचारायचं धैर्य नव्हतं. गुंडाळी जप्त झाली. जवान ती दोरी ओढायला लागला तेव्हा अप्पा पुढे झाले आणि तिची गाठ स्वतः नीट सोडून दिली.

गुंडाळी परत मिळावी म्हणून मी त्यांच्या वतीनं उर्दूत पाच अर्ज लिहिले. झकास लिहिले, एकेका अर्जात अशी अदब ओतली की वाचणाऱ्याला घेरी यावी. दर वेळी एकच जबाब यायचा: अर्ज जेर-ए-गौर आहे.

"म्हंजे?" अप्पा विचारायचे.

"विचार चालला आहे."

"चालू द्या," ते म्हणायचे. 

त्यानंतर गाव त्यांच्यापासून लांब झालं. हाड मोडलं तरच लोक यायचे आणि बसवून झालं की पाठीमागे न बघता जायचे. भावानं येणं सोडलं. दिवसाकाठी त्यांच्याशी बोलणारा मी एकटा उरलो होतो, तोही चहापुरता. एका थंडीत, चहाची बशी खाली ठेवून, ते एकदम म्हणाले, "मास्तर, तुमी येता का?"

मी हसलो. चष्म्याचं कारण सांगितलं. पुढच्या थंडीत त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा कमरेचं सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षी बायकोच्या बाळंतपणाचं. बाळंतपण तिचं आणि पडायची सुट्टी मला! अप्पा प्रत्येक कारणाला "हौदु, हौदु" म्हणायचे. खरं कारण एवढंच होतं की लोक हसतील. शाळेतली पोरं हसतील, स्टेशनमास्तर हसतील. आणि दुसरं, त्यांनी मला उचलून आपटावं आणि त्यांचा सराव व्हावा, एवढ्यासाठी मी का जावं, असंही वाटायचं. मी त्यांचा शेजारी होतो, अर्ज लिहून देत होतो, बायको सणाला ताट पाठवत होती. तेवढ्यात आपलं देणं भागलं असं मी धरून चाललो होतो. आज याची लाज वाटते.

लढाई संपली. त्याच सुमारास त्या जुन्या पेढीतला एक मुनीम कापसाच्या कामानं लातूरकडे चालला होता, तो मुद्दाम येडशीला उतरला. गोदामाच्या ओसरीवर बसून त्यानं सांगितलं की कोबे जळालं. पेढीची इमारत गेली, मागची गल्ली गेली. म्हाताऱ्याचं त्याला काही माहीत नव्हतं. गाडी आली तसा तो निघून गेला. संध्याकाळी मी गेलो तर अप्पा गोदाम झाडत होते. सकाळी झाडलेलंच पुन्हा झाडत होते.

"आधीच गेला असंल," ते म्हणाले. "असता तर नव्वदीला आला असता." थोडा वेळ झाडून मग म्हणाले, "आता मास्तर, तिकडं बी कुनी न्हाय."

त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की अप्पा, उद्यापासून येतो. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हणालो, "चला, चहा घ्या."

मग रझाकारांचे दिवस आले. शाळा बंदच पडली होती. बार्शीकडची हद्द जवळ, तिकडे निजामाचा अंमल नाही, म्हणून माणसं सामान बांधून जायला लागली. ऐन उन्हाळ्यात आम्हीही ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघायची होती. आदल्या दिवशी दुपार कलल्यावर मी अप्पांकडे गेलो. तुम्हीही चला, म्हणून आग्रह केला.

"मी कुठं जाऊ? आता तर लई हाडं मोडतील," ते म्हणाले. "ह्येंची बी आन त्येंची बी. कोन बसवंल?"

"दिवस वाईट आहेत, अप्पा."

"दस्तगीर वस्ताद रोज येऊन बसतो दारात. म्हणतो, मला वलांडून कोन जातंय बघतो." ते हसले. "त्यो बी म्हातारा झाला."

उठायला हवं होतं, पण पाय निघेना. दोन्ही तरटं समोर अंथरलेली होती. सात वर्षं मी ती बघत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "अप्पा, आज पडतो मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठले, ट्रंकेतला अंगरखा काढून चढवला, लिंग दंडाला बांधलं. मी दुसऱ्या तरटावर जाऊन बसलो. त्यांनी वाकून नमस्कार केला, मीही केला. मी चष्मा काढायला लागलो.

"असू द्या," ते म्हणाले. "पडायचं मला हाय, तुमाला न्हाय."

मला काही समजलं नाही. त्यांनी माझा डावा हात धरून आपल्या बाहीवर ठेवला, उजवा आपल्या गळ्यापाशी, अंगरख्याच्या काठावर. "मूठ घट्ट नगं. पाय हितं ठिवा. आता फळ्याकडं वळता तसं वळा."

मी फळ्याकडे वळतो तसा वळलो. पाठीवर क्षणभर काहीतरी आल्यासारखं वाटलं, ओझं नव्हे, कुणीतरी हात ठेवल्यासारखं. आणि अप्पा माझ्या पायापाशी पडलेले होते. धप्प, एकच आवाज. मी त्यांना टाकलं नव्हतं. माझ्यात कोंबडी टाकायची ताकद नव्हती. ते माझ्यासाठी पडले होते.

"खांदा वर ऱ्हायला," पडल्या जागेवरून ते म्हणाले. उठले. "पुन्हा. इची."

मी वळलो, ते पडले. नी. सान. प्रत्येक वेळी उठून एकच गोष्ट सांगायचे, पाय थोडा आत, मान सैल. शी. गो. पाचव्या-सहाव्या वेळी माझ्या ध्यानात आलं की मला थोडं थोडं जमतंय. म्हणजे त्यांच्या पडण्यातून मला वळणं कळतंय. दहाव्या वेळेनंतर उठताना त्यांचा गुडघा कटकन वाजला. मी म्हणालो, "पुरे अप्पा, तुम्हाला लागेल." 

ते उभे राहिले नाहीत. तिथंच बसून दम घेत म्हणाले, "तिकडं वस्तादच पडतो, मास्तर. शिकणारा टाकतो आन वस्ताद पडतो. पडल्याबिगर शिकवताच येत न्हाय. आमचा म्हातारा माझ्यासाठी अठरा वर्सं पडला. सत्तरी उलटली तरी रोज पडत हुता. मी रोटी करणारा परमुलखातला माणूस, आन त्यो माझ्यापायी रोज शंबर येळा पडायचा." तळहातानं ते भुशाचं पोतं चापचापत राहिले. "म्या कुनासाठी पडलो? कुनासाठीच न्हाय. म्हणून माणूस हुडकत हुतो."

मला ते गिरनेवाले लोगां आठवले. कागदावरची ती सगळी नावं एकमेकांसाठी पडलेल्या माणसांची होती. आणि सगळी येडशी, दस्तगीर वस्ताद, सोपान, मी, आम्हाला वाटलं होतं, या माणसाला कुणाला तरी आपटायला हवंय. मी तिथंच रडलो. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाले, "उठा. अजून उजेड हाय." उजेड होता तोवर ते पडत राहिले आणि मी वळत राहिलो.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी सांगायला उरणार नाही. निजामाचं राज्य गेल्यावर मी येडशीला परत गेलो तेव्हा गोदामाला कुलूप होतं. कुणी म्हणालं जळकोटला गेले, कुणी म्हणालं तापानं गेले. दस्तगीर वस्ताद त्याच पावसाळ्यात वारले होते, त्यामुळे खरं सांगणारा कुणी नव्हता. जळकोटच्या घरी मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. मी पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण गोदामातलं कुणाला शिकवलं नाही. मला येतच किती होतं? एका संध्याकाळचं वळणं. पडायला तर मी शिकलोच नाही, त्याची पावती माझ्या मनगटावर आहेच. 

आम्ही निघालो ती सकाळ मात्र नीट आठवते. ट्रंका, भांडी, बायको, मांडीवर पोर, अशी बैलगाडी गोदामासमोरून चालली होती. अप्पा दारात उभे होते. त्यांनी हात वर करून गाडीवानाला थांबवलं, आत गेले आणि गुंडाळलेलं दुसरं तरट आणून माझ्या मांडीवर ठेवलं.

"हे तुमचं," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्हाला लागेल की."

"तुमचं हाय. म्या काय करू?"

ते तरट अजून माझ्याकडे आहे. बायकोनं एकदा शेंगा वाळवायला काढलं होतं, तेव्हा मी आवाज चढवला. आमच्या संसारात मी चढवलेला तो बहुधा एकमेव आवाज.

गाडी हलली. मी मागे तोंड करून बसलो होतो. गोदामाचं दार सताड उघडं होतं आणि आतलं एकच तरट दिसत होतं. अप्पा आत गेले, ते तरट उचललं, दारात, उन्हात आणून अंथरलं आणि त्यावर गुडघे मोडून बसले. रोज रिकाम्या जागेला वाकायचे तसे, दोन्ही तळहात समोर टेकून, कपाळ खाली नेऊन, गाडीकडे तोंड करून वाकले. मी गाडीतल्या गाडीत वाकलो, चष्मा घसरला, पोर रडायला लागलं. गाडी रामलिंगाच्या देवळाच्या वळणाला लागेपर्यंत मी बघत होतो. अप्पा वाकलेलेच होते.